बाई येत नाही

आमच्या भागात निवडणूक लागली की "तू कोणाला मत देणार?" असं कोणी विचारत नाही. विचारतात, "कोण येऊन राह्यला?" आर्वीच्या डेपोत उभं राहून तळेगावची गाडी कधी येते हे ज्या आवाजात विचारतात, अगदी त्याच आवाजात. गाडीचं मी समजू शकतो. ती काही आपण आणत नाही. पण निवडून येणारा माणूस आपणच आणतो, आपल्याच बोटाने, ही साधी गोष्ट माझ्या गावकऱ्यांच्या डोक्यात या जन्मी शिरायची नाही.

त्यांचा हिशेब सरळ आहे. मत येणाऱ्याला द्यायचं. पडणाऱ्याला दिलं तर ते "वाया जाते". मत म्हणजे काय दूध आहे, नासायला? पण नाही. आधी एकमेकांना विचारून कोण येणार ते ठरवायचं, मग सगळ्यांनी मिळून त्यालाच मत द्यायचं, आणि तो आला की मांडीवर थाप मारून म्हणायचं, "पाहा, म्हटलं नव्हतं?" याला आमच्याकडे राजकारण कळणं म्हणतात. ज्याला हे जास्त कळतं तो टपरीवर जास्त वेळ बसतो.

मी आर्वीच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवलं. नोकरीभर तेच. दरवर्षी वर्गात एक गंमत करायचो. खडूंचे दोन डबे, अगदी सारख्या वजनाचे, मी स्वतः तोलून आणलेले. ते टेबलावर ठेवायचे आणि सहज बोलल्यासारखं म्हणायचं, "गेल्या वर्षीच्या वर्गाला डावा जड लागला होता, बघा बरं तुम्हाला काय वाटतं." एकेक जण यायचा, डबे हातात तोलायचा आणि न्यायाधीशाच्या चेहऱ्याने सांगायचा, "डावा, सर." चार-दोन जण दोन्ही सारखे आहेत म्हणायची हिंमत करत. बाकीचे त्यांना हसत. मग मी शिकवायचो की माणूस निकाल आधी लावतो आणि कारणं नंतर शोधतो. चारचौघांबरोबर चुकलेलं त्याला चालतं, एकट्याने बरोबर असणं सोसत नाही. ते सगळं वहीत उतरवून घेत, पेपरात लिहीत, मार्क मिळवत. आज तेच लोक या तालुक्याचे मतदार आहेत आणि त्यांना अजूनही डावाच डबा जड लागतो.

निवृत्तीनंतर मी गावात परत आलो. बायको मुलाकडे बोरगाव मेघेला राहते, नातवापाशी; तिचं मतही तिकडेच. मी मात्र गावातलं मत सोडलं नाही. सकाळी टपरीवर चहाला जायचं आणि या मंडळींची अक्कल ऐकायची, हा माझा उद्योग. "सरांना माणसाच्या मनातलं समजते," अशी त्यांची समजूत होती. ती मी कधी खोडली नाही. निवडणुकीत माझा अंदाज विचारायला लोक मुद्दाम माझ्या बाकाकडे सरकायचे, आणि मलाही ते आवडायचं. आवडायचं म्हणजे फारच आवडायचं, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

तर झालं असं की आमच्या गावच्या सरपंचपदाची थेट निवडणूक लागली आणि पद निघालं महिलेसाठी. मावळत्या सरपंचांना गाव भाऊ म्हणतं. सत्तर वर्षांची म्हातारीही त्यांना भाऊच म्हणते. भाऊंनी काय केलं, आपल्या घरातून उमेदवार काढला. बॅनरवर भाऊंचा फोटो हातभर, आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी त्यांची बायको. त्या बाईसाहेब प्रचारात एकदाच दिसल्या, जीपच्या मागच्या सीटवर, डोक्यावर पदर घेऊन. त्यांना निवडणूक नको होती असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण ते वाचणार कोण?

त्यांच्या समोर उभ्या राहिल्या नर्सबाई. बाई आमच्याच गावच्या, बुद्धविहाराकडच्या वस्तीतल्या. गावाच्या उपकेंद्रात त्यांनी सगळी नोकरी काढली. गावातल्या तिशीखालच्या जवळजवळ प्रत्येकाची नाळ बाईंनी कापलेली आहे. त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या जागी कोणी टिकलं नाही, आणि उपकेंद्राला कुलूप लागलं. किल्ली भाऊंकडे गेली. भाऊंचा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. आता त्या उपकेंद्रात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, मंडपाचे बांबू आणि लग्नातलं ते लाल कापडाचं सिंहासन ठेवलेलं असतं. बाळंतिणीने ऑटोत बसून आर्वी गाठायची.

माझ्या शेजाऱ्याच्या सुनेला गाठता आली नाही. गेल्या पावसाळ्यात ती वाटेतच, ऑटोत मोकळी झाली. बाळ गेलं. सून माहेरी गेली ती अजून परतली नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी बाई माझ्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "सर, मी फॉर्म भरून राह्यली. मले सरपंचकीचं काही कौतुक नाई. ते कुलूप खोलाचं हाय फक्त. तिथं खुर्च्या नाई, खाट पाह्यजे. अन् नर्स येईपर्यंत मी बसीन, फुकट."

यापेक्षा स्वच्छ जाहीरनामा मी आयुष्यात ऐकला नाही. बाईंनी घरोघरी जाऊन तेवढंच सांगितलं. लोकांनी ऐकलं, चहा दिला आणि त्या वळल्या की एकमेकांकडे पाहून म्हणाले, "बाई चांगली हाय. पण येत नाई."

का येत नाही? याचं कारण प्रत्येकाकडे वेगळं होतं आणि एकही खरं नव्हतं. बाईंना चिन्ह मिळालं कात्री. झालं. कात्री अशुभ, रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं लागतात, असं टपरीवर एक जण म्हणाला. त्याची स्वतःची नाळ कात्रीनेच कापलेली होती आणि ती बाईंच्याच हातात होती. पण एवढा लांबचा विचार करायला डोकं लागतं. दुसरा म्हणाला, बाईच्या मागं गाड्या नाहीत. भाऊंच्या रॅलीत साठ मोटरसायकली होत्या. पेट्रोल भाऊंचं, आणि तेच साठ जण आदल्या दिवशी शेजारच्या गावात दुसऱ्याच्या रॅलीत होते, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी धुरळा पाहून यांचे डोळे दिपले. तिसरा म्हणाला, बाई फार फटकळ बोलते. हो, बोलायच्या. पहिलटकरणीच्या नवऱ्याला दारू पिऊन आलास तर दारात उभा करणार नाही, असं फटकळच सांगावं लागतं.

खरं कारण कोणीच बोललं नाही. बाईंच्या हाताने नाळ कापलेली चालते, लहान लेकराला त्यांच्या हातून थेंब पाजलेले चालतात, पण ग्रामपंचायतीचा शिक्का त्या हातात गेलेला चालत नाही. हे तोंडाने म्हणायची आता लाज वाटते, म्हणून "येत नाई" म्हणायचं. फार सोयीचा शब्द. बोलणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही. जणू बाईंना कोणी अडवलेलंच नाही, त्या आपल्याआपणच येत नाहीत.

पण माझा खरा संताप झाला तो शेजाऱ्यावर. हा माणूस भाऊंचं शेत बटाईने, अर्ध्या वाट्याने करतो. आमचा सगळा वॉर्डच तसा, अर्धा भाऊंच्या भावकीचा आणि अर्धा भावकीच्या शेतात राबणारा. शेजारी टपरीवर रोज येतो, कोपऱ्यात उकिडवा बसतो, तंबाखू मळतो. त्याला कोणीतरी विचारलं, "तुयं काय?" तो मान खाली घालून म्हणाला, "भाऊ मातीले आलते आमच्या लेकराच्या. शेवटपर्यंत बसले. बाई येत नाई, काय करतं."

अरे, ज्या कुलपापायी तुझं नातवंड गेलं, त्या कुलपाची किल्ली या माणसाच्या खिशात आहे. तो मातीला येणार नाही तर काय करेल? माणूस जगवायला खाट लागते, नर्स लागते, कागद घेऊन तालुक्याला खेटे घालावे लागतात. मातीला यायला पांढरा सदरा पुरतो. भाऊंना हे पक्कं ठाऊक आहे. या गावात ते एकही माती चुकवत नाहीत. दुःखाच्या वेळी जो शेजारी बसला त्याचा चेहरा माणूस विसरत नाही, आणि दुःख कोणामुळे आलं हे त्याच्या लक्षात येत नाही, हेही मीच वर्गात शिकवायचो. मी हे त्याला तोंडावर बोललो नाही. गाढवापुढे गीता वाचायची हौस माझी केव्हाच फिटली होती.

त्याऐवजी मी अंदाज सांगितला. कोणीतरी विचारलंच, "सर, आपल्या वॉर्डातून बाईले किती पडन?" मी चष्मा पुसला, कप खाली ठेवला आणि म्हणालो, "शून्य." मग ते का, हे पाच मिनिटं समजावून सांगितलं. भीती, उपकार, भावकी, लाज. प्रत्येक घराचं नाव न घेता त्या घराचं मन उकलून दाखवलं. चहावाल्याने माझ्यापुढे आणखी एक कप ठेवला. मी मनातून इतका खूश झालो की शून्यात माझंही मत येतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी बाई पुन्हा येऊन गेल्या. वस्तीतल्या घरांचा त्यांना भरवसा होता, बाकीच्यांचा नव्हता. दारातूनच म्हणाल्या, "सर, तुमच्या वॉर्डात आता परत मी कोणाले सांगाले नाई जात. तुमच्या एका मताचा तेवढा भरवसा हाय." मी म्हणालो, "बाई, हे काय सांगायचं झालं?" हे वाक्य हो पण नाही आणि नाही पण नाही. शिकलेल्या माणसाकडे अशी वाक्यं पुष्कळ असतात.

मतदान शाळेच्या खोलीत होतं. बोटाला शाई लागली, मी पुठ्ठ्याच्या आडोशाला गेलो. मशीनवर आधी कपबशी, म्हणजे भाऊंची बायको, आणि तिच्याखाली कात्री. मी कात्रीकडे बोट नेलं. नेलं हे खरं. आणि मग माझ्या डोक्यात एकामागून एक फार शहाणे विचार आले. बाई तशाही येत नाहीत. माझ्या एका मताने काय होणार? उलट भाऊंच्या बाजूला राहिलो तर उद्या हक्काने सांगता येईल की बाबा, ते उपकेंद्र मोकळं कर. आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी खरं सांगायचं तर, ते शून्य होतं. सगळ्या टपरीपुढे मी शून्य सांगितलं होतं. मतमोजणीत एक निघालं असतं तर माझा अंदाज चुकला असता, आणि तोही माझ्याच मताने. मी कपबशी दाबली. मशीन वाजलं आणि मी चष्मा सावरत बाहेर आलो.

निकाल आर्वीला तहसील कार्यालयात लागला. भाऊंची बायको मोठ्या फरकाने आली, म्हणजे भाऊच आले. गुलाल उधळला. दुपारी टपरीवर वॉर्डनिहाय आकडे पोचले आणि चहावाला मला पाहून हसायला लागला. "सर, तुमचं शून्य चुकलं. आपल्या वॉर्डातून कात्रीले एक पडलं."

सगळे माझ्याकडे वळले. भाऊंचा पुतण्या तिथेच होता, कपाळभर गुलाल. तो गोड आवाजात म्हणाला, "सरचंच असन. सर शिकलेले माणूस हाय ना."

मी एका क्षणाचाही विचार केला नाही. "माझं कसं असेल? मीच तर शून्य म्हटलं होतं. मी कपबशीला दिलं." मत गुप्त असतं हे मी नागरिकशास्त्र नसतानाही वर्गात सांगायचो. त्या दिवशी मी ते स्वतःहून, कोणी न मागता, पुतण्याच्या हातात दिलं. कोपऱ्यात शेजारी तंबाखू मळत होता. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तेव्हा मला कळलं ते एक मत कोणाचं होतं.

संध्याकाळ व्हायच्या आधी तो माझ्या ओट्यावर आला. पायरीवरच बसला. मी चहा टाकला. तो हळूच म्हणाला, "सर, मले वाटलं आपले दोन पडन. तुमचं अन् माहं. दोनात कोणाले समजलं नसतं."

तेवढ्यात फाटकातून बाई आल्या. हरलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं, की त्यांनी ते घरी ठेवलं होतं, मला माहीत नाही. हातात एक कागद होता, उपकेंद्र उघडण्याचा अर्ज. त्या म्हणाल्या, "सरपंच नाई तं नाई, अर्ज तं कोणीबी देऊ शकते." मग माझ्याकडे पाहून थांबल्या. म्हणाल्या, "सर, तुमच्या वॉर्डातून एक पडलं म्हणते. मले कोणी सांगाची गरज नाई कोणाचं होतं थे. लय आधार वाटला."

मी शेजाऱ्याकडे पाहिलं. आता तो बोलेल, बोलायलाच हवा, असं मला वाटलं, आणि त्याने बोलू नये असंही वाटलं. त्याने तळहातावरची तंबाखू झटकली आणि बाईंना म्हणाला, "सरचंच, बाई. अजून कोण देईन?"

बाईंनी अर्ज माझ्यापुढे ठेवला. पहिली सही सरांची, म्हणाल्या. मी केली. अक्षर नेहमीसारखं आलं. त्या चहा न घेताच पुढच्या घरी गेल्या. अजून बऱ्याच सह्या व्हायच्या होत्या.

फाटक लागलं तसं मी शेजाऱ्याला विचारलं, "तू सांगितलं का नाहीस?"

"सांगून कसं जमन? शेत भाऊचं हाय. उद्या कानावर गेलं तं मले बांधावर उभं नाई करणार." तो उठला, गमछा खांद्यावर टाकला. "तुमी टपरीवर नाई म्हणले तवा मी भेलो. भाऊचा पुतण्या आता घरोघरी पुसन, सरनं नाई तं कोणं दिलं. त्याच्या आधी तुमीच सांगजा, मी गमतीनं नाई म्हटलं होतं, माहंच व्हय म्हणून. तुमाले काय होते सर? तुमाले तं पेन्शन हाय."

तो टोमणा मारत नव्हता. तो खरोखर अडचणीत होता आणि मला एक साधी मदत मागत होता. ज्या माणसाला मी एवढे दिवस मनातल्या मनात गाढव म्हणत होतो, त्याने वर्षाची भाकरी पणाला लावून कात्री दाबली होती, आणि तोंडाने "बाई येत नाई" म्हणत राहिला होता, कारण त्याला तसं म्हणावंच लागत होतं. माझं कोणीच काही करू शकत नव्हतं. ना शेत, ना भावकीचा धाक, ना मातीचा उपकार.

"सांगतो," मी म्हणालो. तो गेला. मी दोघांसाठी टाकलेला चहा एकट्याने प्यायलो आणि कप विसळले. आमच्या वॉर्डातून बाईंना दोन मतं पडायची होती. एक पडलं, आणि उद्या सकाळी टपरीवर जाऊन मला तेच माझं आहे म्हणून सांगायचं होतं.